इलिनॉयमधलं इंग्लंड आणि सगुणाचं घंगाळ

लंडनला जाऊन आलेले लोक आता गल्लोगल्ली सापडतात. लंडनला न जाता इंग्लंड पाहून आलेला माणूस आमच्या नाशकात बहुधा मी एकटाच असेन. हे मी हौसेने केलेलं नाही. त्याचं श्रेय माझ्या धाकट्या भावाला, डॉक्टर वसंताला जातं, आणि हा मजकूर तो वाचणार आहे हे माहीत असूनच मी लिहितो आहे.

ठरलं होतं ते असं. १९८७च्या सप्टेंबरात मुंबईहून निघायचं, नेपरव्हिलला वसंताकडे सहा आठवडे राहायचं आणि परतताना तीन दिवस लंडन. लंडनसाठी मी लोकरीचा कोट शिवून घेतला होता. पण इंग्लंडने आपल्या लोकांना नुकताच व्हिसा लागू केला होता, आणि वसंताने मला न विचारता परतीचं तिकीट बदलून घेतलं. मला ते कळलं अमेरिकेत पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी, जेवताना. "दादा, भाजी घे अजून" आणि "लंडन कॅन्सल केलं रे" ही दोन वाक्यं त्याने एका दमात म्हटली.

मी जेवण पूर्ण केलं. अन्नावर राग काढायचा नाही असा आमच्या घरचा नियम आहे. हात धुतल्यावर जे बोललो ते इथे लिहीत नाही.

चार आठवडे मी हा विषय रोज काढला. कधी चहाच्या वेळी, कधी टीव्हीवर बातम्या चालू असताना. शेवटी वसंतच म्हणाला, "दादा, तुला इंग्लंडच बघायचंय ना? इथून चार तासांवर आहे."

मला वाटलं, भूल देण्याचा धंदा करून करून याच्या स्वतःच्या डोक्यावर परिणाम झाला. पण ते खरं होतं. दीडशे वर्षांपूर्वी काही इंग्रज शेतकरी इलिनॉयच्या माळावर येऊन राहिले आणि त्यांनी एक गाव वसवलं. नाव न्यू हॅदरली. वसंताची सोळा वर्षांची मुलगी नीता शाळेच्या सहलीला तिथे जाऊन आली होती. "इट्स क्यूट, काका," एवढीच माहिती तिच्याकडून मिळाली.

जाण्यापूर्वी वसंताने एक अट घातली. तिथे कुणाशीही घासाघीस करायची नाही. त्याचं कारण असं की आधीच्या आठवड्यात एका मोठ्या दुकानात मी बॅगेवरचा ओरखडा दाखवून तिची किंमत कमी करून घेतली होती. ते होईपर्यंत वसंत दोन रांगा सोडून छत्र्या बघत उभा होता. त्याला छत्री नको होती. "इथे छापलेली किंमत म्हणजे किंमत, दादा. लोक हसतात." मी म्हटलं, हसले तर हसले, बॅग तर आली. तरी मी शब्द दिला. व्यापारी माणूस शब्द जपून देतो, आणि एकदा दिला की त्याचा अर्थ कुठवर जातो तेही नीट तपासून ठेवतो.

शनिवार

चार तास मका पाहिला. मक्यापलीकडे मका होता. त्यातला निम्मा कापलेला आणि निम्मा कापायचा. त्यानंतर एकदम एक दगडी चर्च, विटांची घरं, हिरवळीचा चौकोन, आणि लाल रंगाची टेलिफोनची खोली आली. आत टेलिफोन नव्हता, कुंडी होती.

प्रवाशांची सोय मात्र वाखाणण्यासारखी आहे. गावात शिरताच गाडी उभी करायला फुकट जागा. तिच्या कडेला नकाशाचा फलक, त्यावर "तुम्ही इथे आहात" असा लाल ठिपका. पाणी प्यायचा नळ, आणि लहान मुलांसाठी त्याच्या खाली दुसरा बुटका नळ. स्वच्छतागृहात गरम पाणी, साबण आणि हात पुसायला कागद, आणि बाहेर कुणी वाटी घेऊन बसलेला नाही. आमच्याकडे रामकुंडावर बारा वर्षांनी सगळा देश लोटतो, आणि त्याला शौचाला कुठे पाठवायचं याचा विचार तो येऊन गेल्यावर सुरू होतो. इथे दिवसाला वीस माणसं येत असतील, पण त्यांचा विचार आधी करून ठेवलेला आहे.

माहितीच्या खोलीत गावाचा इतिहास छापलेली पत्रकं होती. नीताने मला तो बाकावर बसून मराठीत सांगितला. इंग्लंडातल्या हॅदरली नावाच्या गावातून दोन मेहुणे निघाले, त्यातला एक कॅप्टन हेल. त्यांना जमीनदाराचा खंड नको होता आणि पाद्र्याचा कर नको होता. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात अर्ध्या मेंढ्या मेल्या. दुसऱ्या हिवाळ्यात मेहुणे भांडले. एक जण नदीपलीकडे गेला आणि त्याने दुसरं चर्च बांधलं. म्हणून तीनशे उंबऱ्यांच्या गावात दोन चर्चेस आहेत आणि दोघांच्या घंटा रविवारी पाच मिनिटांच्या फरकाने वाजतात. हे ऐकल्यावर मला गाव आपलंसं वाटू लागलं.

दुपारी चहाच्या दुकानात गेलो. बिस्किटासारखा जाड गोल पाव, त्याबरोबर साय आणि जाम, आणि चहा किटलीत. किटलीवर लोकरीची टोपी घातलेली होती. चहाला टोपी घालतात आणि गिऱ्हाईकाला पंख्याखाली बसवतात. पाव तीन होते आणि जामची वाटी एक. मी वाढणाऱ्या बाईकडे पाहिलं.

"दादा," वसंत म्हणाला.

"मी काही बोललोय का?"

"तू बघितलंस."

मी जाम न मागता पाव खाल्ला. शैला, म्हणजे वसंताची बायको, दवाखान्यातली पाळी असल्यामुळे आली नव्हती, पण तिने थालीपीठं आणि लसणीची चटणी दिली होती. ती आम्ही रात्री लॉजवर खाल्ली. खिडकी उघडून खा, असं वसंताने दोनदा सांगितलं.

रविवार

पाच मिनिटांच्या फरकाने घंटा ऐकून आम्ही संग्रहालयात गेलो. जुन्या शाळेच्या दोन खोल्या आहेत. ते सांभाळणाऱ्या मिसेस अ‍ॅबट सत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या, गळ्यात साखळीला चष्मा. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की आज हंगामाचा शेवटचा दिवस, चार वाजता कुलूप लागेल ते वसंत ऋतूतच उघडेल.

चरखे, नांगर, लोण्याच्या रव्या पाहिल्या. दुसऱ्या खोलीत मधोमध काचेच्या पेटीत, खाली निळी मखमल घालून, एक घंगाळ ठेवलेलं होतं.

मी नाशकात भांड्यांचं दुकान चालवतो. त्याआधी दहा वर्षं डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव भांडी विकली. मला घंगाळ ओळखायला चष्मा लागत नाही. पितळेचं, पसरट, कानाला दोन कड्या, ठोक्याची घडण. आमच्याकडे न्हाणीघरात आंघोळीचं पाणी काढायला असतं तेच.

खालचं कार्ड नीताने मला वाचून दाखवलं: "बाप्तिस्म्याचे पात्र. कॅप्टन हेल यांनी हॅदरली येथील आपल्या घराण्यातून आणलेले. इंग्लिश बनावट. गावातील पहिल्या बालकांचा बाप्तिस्मा यात झाला. काठाखाली वेलपत्तीची नक्षी."

मी वाकून नक्षी पाहिली. ती नक्षी नव्हती.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात हे वाचकांना सांगायला नको. लग्नात दिलेलं भांडं बिननावाचं राहत नाही. टोकदार लोखंडाने ठिपका ठिपका ठोकून कुणी कुणाला दिलं ते कोरतात. या घंगाळावरचं नाव मोडी लिपीत होतं. मोडीत हात न उचलता लिहितात, सलग रेघ आणि खाली वळणं. न येणाऱ्याला वेल दिसावी यात नवल नाही. मला मोडी येते, कारण मी आधी नोकरीला होतो त्या मालकाच्या दुकानात त्याशिवाय चिठ्ठी वाचता यायची नाही. वसंताला येत नाही, त्याच्या वेळेपर्यंत शाळांतून ती गेली होती.

मी मोठ्याने वाचलं. "चिरंजीव सौभाग्यवती सगुणा इस बंधू राघो याजकडून आंदण."

वसंताने इकडेतिकडे पाहिलं. "दादा, हळू."

"हे आपलं घंगाळ आहे. राघो नावाच्या भावाने सगुणा नावाच्या बहिणीला लग्नात दिलंय. त्या बाईंना सांग."

"तुला नक्की वाचता येतंय? की..."

"की काय?"

"काही नाही. लंडनचा राग तू कुणावर काढशील सांगता येत नाही, म्हणून म्हटलं."

बेचाळीस वर्षं धंदा केला, मला खोटा म्हणणारे पुष्कळ भेटले. ते सगळे गिऱ्हाईक होते. आता सख्ख्या भावाला वाटत होतं की मी एका म्हातारीवर कुरघोडी करायला मनातून नाव रचून सांगतो आहे. लंडनचा राग त्यापुढे फिका पडला. मी ठरवलं, चार वाजायच्या आत त्या कार्डावर सगुणाचं नाव चढल्याशिवाय या खोलीतून हलायचं नाही. वाजला होता एक.

"नीता, तू ये. तुझ्या बापाला ऐकू येत नाही."

नीताने सगळं इंग्रजीत सांगितलं. मिसेस अ‍ॅबट शांतपणे म्हणाल्या की हे पात्र अनेक तज्ज्ञांनी पाहिलं आहे. मी विचारलं, त्यातले किती जण भांडी विकतात? नीताने ते सौम्य करून सांगितलं असावं, कारण बाई हसल्या.

मग मी भिंतीवर बोट दाखवलं. तिथे कॅप्टन हेलचं चित्र होतं आणि खाली एक ओळ, जी नीताने मला आधीच वाचून दाखवली होती: शेतीकडे वळण्यापूर्वी त्यांनी दख्खनमध्ये सैन्यात नोकरी केली.

बाईंनी ती ओळ जणू पहिल्यांदाच वाचली. पण म्हणाल्या, "यावरून ती अक्षरं आहेत हे सिद्ध होत नाही."

बाई धंद्यातली वाटली. मला बरं वाटलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "ते पालथं केलेलं मी पाहिलेलं नाही. काचेतून तळ दिसत नाही. बरोबर? आमच्याकडे चांगल्या भांड्याच्या तळाशी वजन कोरतात. त्याच्या तळाला आकडा असेल. काढून पाहा."

"काका, आर यू शुअर?" नीता म्हणाली.

"नसलं तर मी नेपरव्हिलपर्यंत लंडनचं नाव काढणार नाही."

"नसलं तर पुन्हा कधीच नाही," वसंत म्हणाला.

"कबूल."

सगळ्याच भांड्यांना वजन घालतात असं नाही, हे मला माहीत होतं. ते मी त्या वेळी बोललो नाही. बाईंनी किल्ली आणली, पांढरे हातमोजे चढवले आणि घंगाळ मखमलीवर पालथं केलं. दीडशे वर्षांच्या पॉलिशने तळ गुळगुळीत झाला होता. मला काहीच दिसेना. मग नीताने खिडकीचा पडदा सरकवला आणि उजेड तिरपा पडल्यावर ठिपके उठून दिसले.

आकडा मोडीतलाही ओळखू येतो. वसंत वाकला. "चार... आणि अकरा?"

"अकरा नाही. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. साडेचार शेर. नीता, लिहून घे. साडेचार शेर म्हणजे त्यांच्या हिशेबाने सव्वानऊ पौंड, थोडं कमी भरेल, घासून घासून झिजलंय. आता बाईंना म्हण, तराजू आणा."

तराजू चहाच्या दुकानातून आला, पिठाचा. टोपीवाल्या किटलीची बाईही पाठोपाठ आली. घंगाळ वर ठेवलं. काटा हलला आणि नऊ पौंडांच्या जरासा पुढे थांबला.

वसंताने माझ्याकडे पाहिलं. भाऊ म्हणून त्याने माझ्याकडे पुष्कळदा पाहिलंय, पण रोग्याचा कागद वाचताना पाहतो तसं पहिल्यांदाच.

"दादा, काय नाव म्हणालास?"

"सगुणा."

तो बाईंकडे वळला आणि त्याच्या डॉक्टरी इंग्रजीत बोलू लागला. त्यानंतर नीताला काम राहिलं नाही.

आता कार्डाची बोलणी. मी धंद्याच्या रीतीप्रमाणे वरून सुरुवात केली. एक, नाशिकची बनावट. दोन, सगुणा आणि राघोची नावं. तीन, आंघोळीचं भांडं असा उल्लेख. चार, कॅप्टनने लुटून आणलं. बाईंनी देऊ केलं: "बहुधा पौर्वात्य."

"दादा, घासाघीस करायची नाही असं ठरलं होतं," वसंत म्हणाला, पण हसून.

"ती किमतीची. याची किंमत कोण विचारतंय?"

नाशिकवर बाईंनी अडवलं. तसं लिहिलेलं आहे का? नव्हतं. पुणेरी तांबटाचीही घडण अशीच असते हे मला मान्य करावं लागलं. आम्ही "पश्चिम भारत" वर आलो. आंघोळीचं म्हटल्यावर बाई खुर्चीत बसल्या. त्यांच्या पणजीचा बाप्तिस्मा यात झाला होता. दोन्ही चर्चच्या बायकांना काय सांगू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आंघोळच आहे तीही, थोडक्यात उरकलेली. वसंताने याचा अनुवाद केला नाही. मी तो मुद्दा सोडला. "पाण्याचं पात्र" एवढ्यावर तडजोड झाली. त्याबदल्यात दोन्ही नावं पूर्ण, पहिल्या ओळीत.

उरली लूट. तिथे मी अडून बसलो. "बहिणीला दिलेलं नावाचं भांडं कुणी आपखुशीने परक्या शिपायाला देत नाही. याने घरात शिरून उचललंय."

बाईंनी साधा प्रश्न विचारला. "असं नाव घातलेलं भांडं बाजारात कधीच विकलं जात नाही का? या गृहस्थांचा धंदाच तो आहे. त्यांना माहीत असेल."

वसंताने प्रश्न मला मराठीत सांगितला, आणि उत्तराची वाट न पाहता वर म्हणाला, "नाही म्हणून टाक. मी सांगतो."

नाही म्हटलं असतं तर कार्डावर लूट चढली असती. बाईंनी माझ्या शब्दावर तराजू आणला होता, हाही शब्द त्यांनी घेतला असता. तिथे मला पकडणारं कुणी नव्हतं.

"विकलं जातं," मी म्हटलं. "जुनं भांडं घेऊन नवं देण्यावरच मी वर आलो. दुष्काळ, आजारपण, घरातला कर्ता गेला, की बाया नावाची भांडी आणतात. पदराखाली झाकून. मी शेकड्यांनी घेतली आणि भट्टीत दिली. सगुणानेही विकलं असेल. मला माहीत नाही."

वसंताने हे बाईंना सांगायला वेळ घेतला. बाईंनी टाइपरायटर ओढला. पावणेचारला कार्ड तयार झालं, ते नीताने मला वाचून दाखवलं: "सगुणा हिला तिचा भाऊ राघो याने लग्नात दिलेले पाण्याचे पात्र. पितळ. पश्चिम भारत. कॅप्टन हेल यांच्याकडे कसे आले ते ज्ञात नाही. गावातील पहिल्या बालकांचा बाप्तिस्मा यात झाला." बाईंनी जुनं कार्ड फाडलं नाही, फाइलीत ठेवलं. मीही तेच केलं असतं. जाताना त्यांनी माझा हात हातात घेऊन "सगुणा" असं म्हणून दाखवलं आणि बरोबर आहे का विचारलं. "ण" जमला नाही. मी बरोबर म्हटलं.

गाडीत बसलो. वसंताने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"दादा, ती जी भांडी तू भट्टीत दिलीस, त्यांच्यावरची नावं वाचायचास?"

"वाचायचो."

"सगळी?"

"हातात आल्यावर डोळे मिटता येतात का? चालव गाडी."

गाव संपलं, मका सुरू झाला. पाच-दहा मैल गेलो.

"मथुरा," मी म्हटलं.

"हू इज मथुरा, काका?" नीताने मागून विचारलं.

"तपेलं," मी म्हटलं. "पावणेदोन शेर."